बारावी खुंटी

आमच्या दाजींना जमिनीत हातभर खोल पुरलेला दगड सापडायचा, पण स्वतःच्या कपाळावर सरकवलेला चष्मा सापडायचा नाही. "अगं, चष्मा कुठे ठेवलास?" असं ओरडत ते घरभर फिरत, आणि माझी बहीण स्वयंपाकघरातून न बघताच म्हणे, "भुवयांच्या उत्तरेला, दोन बोटं."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. पेशाने मोजणीदार. लोकांच्या जागा मोजून हद्दी दाखवणं हे त्यांचं सरकारी काम. आज वय ब्याऐंशी, दात सगळे स्वतःचे, कान जरा जड. गोष्ट सांगताना मध्येच कोणी उठलं तर मनगट धरून खाली बसवतात. ती खोड माझ्यातही आहे असं माझी नातवंडं म्हणतात. पण मी मनगट धरत नाही, बाही धरतो. त्यात फरक आहे.

लोकांना वाटतं मोजणीदार मोजतो. दाजी म्हणतात, "मोजणं हे दुपारनंतरचं काम. सकाळ सगळी शोधण्यात जाते." म्हणजे कसं, की जुन्या लोकांनी जागेच्या कोपऱ्यात दगड पुरून ठेवलेले असतात, कुठे लोखंडी कांब ठोकलेली असते. पण जमीन काही स्वस्थ बसत नाही. रस्त्यावर खडी पडते, गटाराची माती वर येते, कोणी राडारोडा टाकतो, कोणी त्यावर कोंबड्यांचं खुराडं बांधतो. तीस-चाळीस वर्षांत कोपरा असा काही खाली जातो की ज्याने पुरला तो आला तरी ओळखणार नाही. आणि तो सापडल्याशिवाय मोजायचं कुठून? नकाशा असतो हो, पण त्यांच्या धंद्यात एक नियम पक्का: कागदापेक्षा खूण मोठी. कागदावर काहीही असो, जमिनीत जुनी खूण सापडली तर ती म्हणेल ते खरं. कारण कागद सावलीत बसून केलेला असतो आणि खूण उन्हात उभं राहून पुरलेली.

तर या शोधण्यासाठी दाजींचं पहिलं हत्यार म्हणजे सळई. आमचं घर लोहारकामाचं. दाजी तेव्हा ऐन पंचविशीत, नवीनच नोकरीला लागलेले. एक दिवस वडिलांकडे आले आणि म्हणाले, छातीइतकी उंच, करंगळीएवढी जाड, वर लाकडी मूठ, अशी एक सळई करून द्या. जमिनीत खुपसली की खाली काय आहे ते हाताला कळलं पाहिजे. वडिलांनी दिली करून. दुसऱ्या दिवशी परत हजर. "जरा जड झाली." वडिलांनी घासून दिली. मग "जरा हलकी झाली." मग "मूठ फिरते." मग "वाजत नाही."

वडील म्हणाले, "सळई आहे की सतार?"

भात्यावर बसलेली ताई फिसकन हसली आणि भट्टीतली राख सगळीकडे उडाली. सातव्या दिवशी दाजी पुन्हा आले तेव्हा वडिलांनी हातोडा ऐरणीवर ठेवला. "अहो मोजणीदार, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? मुलगी विचारायची तर सरळ विचारा. इकडे कोळसा फुकट जळतोय."

सळई मात्र खरंच उत्तम झाली होती. टोकापाशी मी एक बारीक खाच पाडून दिली होती, म्हणजे वर ओढली की खालची चिमूटभर माती तिच्यात अडकून येई. दाजी ती जमिनीत खुपसत आणि डोळे मिटून उभे राहत. दगड लागला की टण्, वीट लागली की खर्र, झाडाचं मूळ लागलं की हात रबरासारखा मागे यायचा, आणि लोखंड लागलं तर मनगटात बारीक मुंग्या. लोक गमतीने म्हणत, मोजणीदार जमिनीची नाडी बघतायत, आता जीभ दाखवायला सांगतील.

त्याच सुमारास मी त्यांना बारा खुंट्या करून दिल्या. माझं स्वतंत्रपणे केलेलं ते पहिलं काम. हातभर लांब लोखंडी खुंट्या, आणि प्रत्येकीच्या डोक्याला दोरखंडासारखा पीळ. जमीन मोजायच्या साखळीचं टोक अडकवायला सकाळी ठोकायच्या आणि संध्याकाळी उपटून न्यायच्या, त्या खुंट्या. पीळ एवढ्यासाठी, की कोणी त्यांना पक्की खूण समजू नये. दाजी रोज अंगणात त्या मोजूनच चपला काढत. एकदा बाराच्या अकरा झाल्या. दाजींनी ठरवून टाकलं की सामान वाहणाऱ्या गाडीवानाने चाकाला लावायला एक ढापली. त्या बिचाऱ्याशी पुढे दोन वर्षं त्यांनी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं.

मग कचेरीने सुई पाठवली. पितळेची गोल डबी, वर काच, आत एक उभी सुई. खाली लोखंड असलं की सुईने मान टाकायची. दाजी पहिल्या दिवशी ती घेऊन निघाले तर सुई पावलोपावली मान टाकायला लागली. या टोकाला लोखंड, त्या टोकाला लोखंड, विहिरीपाशी लोखंड. दाजींना वाटलं, इथे खाण लागली! ते कचेरीला तसं पत्र लिहायला बसणार तेवढ्यात ताईने विचारलं, "तुमच्या पट्ट्याचं बक्कल कशाचं आहे हो?"

बक्कल लोखंडाचं. शिवाय बुटांच्या तळाला खिळे. तेव्हापासून दाजी अनवाणी आणि पट्ट्याशिवाय मोजणीला जाऊ लागले. एका हातात डबी, दुसऱ्या हाताने पँट धरलेली. कोणी विचारलं मोजणीदार कुठे, तर लोक सांगत, "ते काय, कोपऱ्यावर पँट सांभाळत उभे आहेत." आणि एवढं करून ती सुई दगडापुढे आंधळीच.

सुईनंतर पुष्कळ वर्षांनी पिपाणी आली. तिचं खरं नाव मोठं आहे, पण ती केकाटते म्हणून पिपाणी. पिवळी लांब काठी, मुठीपाशी बटण. जमिनीवरून फिरवत न्यायची, लोखंड जवळ आलं की आवाज चढत जातो, अगदी डोक्यावर पोचलात की कानठळ्या. पट्टा घाला, बूट घाला, तिला फरक पडत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली. दोन दिवसांची शोधाशोध दोन तासांत व्हायला लागली. अर्थात दर वेळी हद्दच सापडे असं नाही. घोड्याची नाल, सायकलचं पॅडल, एकदा तर अख्खी कोळशाची इस्त्री. शेजारच्या मावशींची अंगठी हरवली तेव्हा त्या धावत आल्या, "मोजणीदार, तुमची ती काठी आणा हो!" दाजी म्हणाले, "मावशी, ही फक्त लोखंडाला विचारते. सोन्याकडे ढुंकूनही बघत नाही."

आतून ताई म्हणाली, "मालकावर गेलीय."

दाजी निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, त्याच कचेरीत मोजणीदार झाली. तिच्याकडे आली अळंबी. हे नाव दाजींनी ठेवलेलं. सरळ दांडा आणि त्याच्या डोक्यावर पांढरी गोल टोपी. ती आकाशातल्या उपग्रहांशी बोलते आणि तुम्ही कुठे उभे आहात ते बोटाच्या पेराइतकं नेमकं सांगते. दाजी म्हणाले, "म्हणजे आता खालची वस्तू शोधायला वर बघायचं!" दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी मुलीच्या मागे लागले, माझी अंगणातली खुर्ची कुठे आहे ते रोज सकाळी मोजून दे.

"बाबा, खुर्ची कशाला मोजायची?"

"तुझी आई झाडताना ती सरकवते असा माझा संशय आहे."

आठवडाभर मोजलं. खुर्ची रोज चार बोटं पूर्वेला जात होती. दाजींना उपग्रह मनापासून आवडले ते त्या दिवसापासून.

आता मुख्य गोष्ट. चार वर्षांपूर्वीची.

आमच्या भागातल्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. अर्ध्या गल्लीला त्यांनी सुया टोचलेल्या, त्यामुळे सगळे त्यांना जरा टरकून. बत्तीस वर्षं त्या दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिल्या, एक खोली आणि सामायिक मोरी. आठ महिन्यांनी निवृत्ती, आणि निवृत्तीच्या दिवशी क्वार्टर रिकामी करायची. म्हणून त्यांनी गल्लीच्या टोकाला एक लहानसा तुकडा घेऊन दोन खोल्या बांधायला काढल्या होत्या. स्वयंपाकघराची भिंत खिडकीपर्यंत वर आली, आणि शेजारचा सुतार उभा राहिला.

या सुताराला समोर सगळे मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे रंधा, कारण कुठल्याही बोलण्याचा तो पातळ पातळ सालपा काढत बसे. तो म्हणाला, "बाई, तुमची भिंत माझ्या जागेत दीड फूट आलीय. बांधकाम थांबवा."

बाई म्हणाल्या, "मोजून घ्या."

"मोजूनच घेणार. आली असली तर पाडणार."

अर्ज झाला, आणि कचेरीने मोजणीला नेमकी माझी भाची पाठवली. गवंड्याने थापी धुऊन ठेवली. दोन्ही जागांचा मिळून एक मागचा कोपरा होता, त्याची खूण सापडली की भिंतीचा निकाल लागणार. भाचीने पिपाणी फिरवली. दहा मिनिटांत केकाटली. खणलं, तर हातभर खाली लोखंडी खुंटी, सरळ उभी, गंजलेली, पण ठाम. तिथून दोरी धरली. भिंत बरोबर दीड फूट रंध्याच्या जागेत.

रंध्याने कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली. बाई मात्र विटांच्या ढिगावर बसल्या. त्यांच्याजवळ होतं नव्हतं ते त्या भिंतीत गेलं होतं, आणि ती पाडून पुन्हा उभी करेपर्यंत क्वार्टरची मुदत संपणार होती.

भाचीला एक गोष्ट टोचत होती. अळंबीच्या हिशेबाने कोपरा दीड फूट पलीकडे यायला हवा होता. पण नियम तो नियम, कागदापेक्षा खूण मोठी. ती म्हणाली, "निकाल उद्या सकाळी देते," आणि खुंटी न उपटता, नुसता फोटो काढून घरी आली.

संध्याकाळी मी ताईकडेच बसलो होतो. चहा चालला होता. भाचीने फोन पुढे केला. "बाबा, असली खूण कधी पाहिलीय? डोक्याला पीळ आहे."

दाजींनी चष्मा शोधला, ताईने दिशा सांगितली, दाजींनी तो खाली ओढला आणि फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पाहिला. आपल्या हातचा पीळ माणूस विसरतो होय? सव्वातीन वळसे, आणि शेवटचा किंचित चुकलेला.

"दाजी," मी म्हणालो, "ही तर आपली बारावी."

दाजींनी कप बशीत ठेवला. अर्धा चहा तसाच राहिला. आमच्या दाजींच्या बाबतीत हे काळजीचं लक्षण.

मग हळूहळू निघालं. त्या कोपऱ्याची मोजणी दाजींनीच केली होती, अडतीस वर्षांपूर्वी. तिथे तेव्हा रंध्याच्या वडिलांनी लाकडाचे ओंडके रचले होते, त्यामुळे मूळ दगडावर साखळी धरता येईना. दाजींनी दीड फूट अलीकडे, मोकळ्या जागेत खुंटी ठोकली आणि काम उरकलं. उद्या येऊन उपटू, वहीत टिपण पण उद्याच लिहू. घरी आले तो अंगात ताप, आणि सकाळी दोन्ही गाल टरारून फुगलेले.

"गालगुंड!" ताई म्हणाली. "चाळिसाव्या वर्षी! शाळेतली पोरं खिडकीतून बघायला यायची यांना."

पंधरा दिवसांनी गाल उतरले. त्या गालांबरोबर खुंटीही डोक्यातून उतरली. टिपण झालंच नाही. पुढे मोजल्या तर अकरा, आणि खापर फुटलं गाडीवानावर.

"देवाघरी गेला बिचारा," दाजी म्हणाले. "त्याची माफी कुठे मागू आता?"

"त्याचं राहू दे," ताई म्हणाली. "नर्सबाई अजून आहेत. त्यांची मागा."

भाची म्हणाली, "बाबा, नीट विचार करा. तुम्ही सगळ्यांसमोर सांगणार की मोजणीदार कच्ची खुंटी जमिनीत विसरला. नोंदीतही तसं लिहावं लागेल मला. नावासकट."

दाजी म्हणाले, "मग काय गाडीवानाचं लिहितेस?"

सकाळी आम्ही सगळे कोपऱ्यावर. नर्सबाई, गवंडी, रंधा, आणि तुमचं काय काम असं कोणी विचारू नये म्हणून फावडं हातात घेऊन मी. दाजींनी चप्पल काढली आणि सांगून टाकलं. खुंटी माझी, चूक माझी, ही हद्दीची खूण नव्हे.

रंध्याने पेन्सिल काढली. "वा! लेक मोजणार आणि बाप साक्ष देणार. घरचंच कार्य! मोजणीदार, अडतीस वर्षं ही खुंटी गप्प होती. माझ्या बाजूने बोलली तेव्हाच कशी ती खोटी ठरली?"

आणि खरं सांगतो, त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, फक्त मोठ्याने.

"बरोबर आहे मिस्त्री," दाजी म्हणाले. "माझ्या तोंडाच्या शब्दावर जाऊ नका. मूळ दगड काढून दाखवतो. मला पक्कं आठवतंय, विहिरीच्या काठापासून चौदा पावलं."

चौदा पावलं टाकली. सळई खुपसली. काही नाही. हात-दीड हाताच्या घेरात खुपसली, तरी काही नाही. तासभर गेला. दाजींचा सदरा पाठीला चिकटला. बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. शेवटी गवंडी हळूच म्हणाला, "आजोबा, विहीर वीस वर्षांपूर्वी मोठी केली. काठ आता या बाजूला सरकलाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दाजी एवढ्या मोठ्याने हसले की रंध्याच्या खुराड्यातल्या कोंबड्या उठल्या. मग मुलीकडे वळून म्हणाले, "मोजणीदारीणबाई, म्हाताऱ्याची आठवण आणि पावलं दोन्ही गेली कामातून. तुमची अळंबी काय म्हणते?"

भाचीने अळंबी उभी केली. थोडी पुढे, थोडी डावीकडे, आणि दांडा टेकवला. "बाबा, इथे. बोटभर इकडेतिकडे."

दाजींनी तिथे सळई खुपसली आणि डोळे मिटले. आम्ही टण् ची वाट बघत होतो. आलं काहीच नाही. सळई लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

रंधा म्हणाला, "दगड कुठाय?"

"नाही," दाजी म्हणाले. "गेला. नळाची चारी खणली असेल कोणी, त्यात उपटून फेकला."

बाई खाली बसल्या. भाचीने ओठ आवळले. दाजींनी मात्र सळई हळूच वर ओढली आणि टोकाची खाच बोटाने पुसली. बोट काळं झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं, मग माझ्या नाकाशी, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी शेवटचं पाहिलं होतं ते ताईने हो म्हटलं तेव्हा.

"खणा!" ते म्हणाले. "हळू, हाताने!"

खणताखणता त्यांनी सांगितलं. त्यांच्या आधी इथे एक थोरले मोजणीदार होते, दाजींना काम त्यांनीच शिकवलं. त्यांचा शिरस्ता असा, की दगड पुरायच्या आधी खड्ड्यात ओंजळभर कोळसा आणि फुटकी कपबशी टाकायची. का? तर दगड माणूस उपटून नेतो, लाकूड कुजतं, लोखंड गंजतं. पण कोळसा कुजत नाही आणि कोणी चोरून नेत नाही. दगड गेला तरी तो खाली साक्षीला उरतो. सुईला तो दिसत नाही, पिपाणीला तो ऐकू येत नाही, उपग्रहाला त्याचा पत्ता नाही.

दोन हातांवर माती काळी झाली. मग तुकडे निघाले, अंगठ्याएवढे, चकचकीत. त्यांच्यात निळ्या काठाच्या बशीची एक खापरी.

रंधा अजून ताठ होता. "कोळसाच तो. कोणीही चुलीतला टाकला असेल."

दाजींनी एक तुकडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "मिस्त्री, लाकडातलं तुम्हाला कळतं. तुम्हीच सांगा."

इथे दाजींनी मोजणी केली ती माणसाची. कारण कारागिराच्या हातात त्याच्या जिन्नसाचा तुकडा दिला की तो भांडण विसरतो. रंध्याने तुकडा फुंकला, उजेडाकडे धरला, नखाने मोडला आणि मोड पाहिली. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "छे, हा चुलीतला नाही. भट्टीत सावकाश झाकून केलेला आहे. रेषा बघा किती दाट. असलं लाकूड आता येतच नाही, माझ्या आजोबांच्या वखारीत यायचं. सत्तर-ऐंशी वर्षांचा माल आहे हा..." आणि मग तो थांबला. कारण आपण काय बोललो ते त्याच्याच कानावर पडलं.

कोणी हसलं नाही. हसलो असतो तर सगळं बिघडलं असतं. गवंडी तर चक्क पाठ करून उभा राहिला.

रंध्याने कोळसा परत खड्ड्यात नीट ठेवला, जिथून काढला तिथेच. "धरा दोरी," तो भाचीला म्हणाला.

दोरी धरली. बाईंची भिंत त्यांच्याच जागेत होती, अगदी हद्दीच्या रेषेला लागून.

बाई उठल्या आणि दाजींच्या हाताला माती खरडल्याने रक्त आलं होतं ते बघून म्हणाल्या, "धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं?" दाजींनी मोजणी इतक्या धैर्याने केली, पण सुई बघून डोळे मिटले. जमिनीची नाडी बघताना मिटत तसे नाही, अगदी घट्ट.

मी म्हणालो, "बाई, तुमची भिंत पडायची वेळ आली ती यांचे गाल फुगले म्हणून."

"मग गालगुंड लहानपणीच व्हायला हवं होतं," बाई म्हणाल्या आणि सुई टोचली.

भाचीने कोपऱ्यावर नवा दगड बसवला, खुंटी उपटली आणि नोंदीत खरं ते लिहिलं, बापाच्या नावासकट. महिन्याने कचेरीतून दाजींना रीतसर पत्र आलं, की अडतीस वर्षांपूर्वी सरकारी कामात हयगय का झाली, खुलासा करावा. दाजी ते पत्र घेऊन गल्लीभर फिरले. "बघा, वीस वर्षं झाली निवृत्त होऊन, अजून माझ्यावाचून त्यांचं अडतं!" खुलासा मी आणि त्यांनी मिळून लिहिला. चार पानं झाला. त्यावर कचेरीचं उत्तर आलं नाही, पण भाची सांगते की जेवणाच्या सुट्टीत तो मोठ्याने वाचला जातो.

बाईंच्या दोन खोल्या मुदतीच्या नऊ दिवस आधी पुऱ्या झाल्या. खिडकीची चौकट रंध्याने केली. म्हणाला, "दुसऱ्या कोणी केली असती तर मला रोज शेजारी वाकडी बघावी लागली असती." क्वार्टरची किल्ली परत केली त्या दिवशी बाईंनी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं. खुर्च्या अजून आल्या नव्हत्या, आम्ही खोक्यांवर बसलो. दाजींनी तळहात लावून भिंत बघितली, मग दुसरा तळहात लावून. गवंडी म्हणाला, "आजोबा, बसा आता, ती पळून जात नाही."

बाई आतून एक हातोडी आणि एक लांब खिळा घेऊन आल्या. म्हणाल्या, बत्तीस वर्षं क्वार्टरमध्ये नियम होता, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यांच्या आईचा फोटो बत्तीस वर्षं कपाटावर टेकून उभा होता. आता तो टांगायचा.

त्यांनी खिळा भिंतीला लावला. पहिला घाव बोटाच्या जवळून गेला. दुसऱ्याला खिळा आत शिरला, तिरका.

रंध्याला राहवेना. तो खोक्यावरून उठला. "बाई, तिरपा जातोय तो. द्या इकडे, मी काढून सरळ ठोकतो."

"बसा मिस्त्री," बाई म्हणाल्या. "भिंत माझी आहे." आणि तिसरा घाव घातला.